सतरा नंबरचा पाना

१० मार्च, गुरुवार

नांदेडहून संध्याकाळी परत. जळकोटच्या चौकात गाडी हळू केली आणि समोर लाल दिवा लागला. ऑइलचा. वेग धरला की जायचा, ब्रेक दाबला की पुन्हा. सरांना काही बोलले नाही. डायलिसिसनंतर ते खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटून बसतात. पण पाहिलं होतं त्यांनी. घराच्या वळणावर म्हणाले, "शोभा, ते लाल काय लागून राहिलंय मघापासून?"

"काही नाही. सीट बेल्टचं असेल."

"आपल्या गाडीला सीट बेल्टचा दिवा आहे?"

नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला यांच्याशी धड खोटंही बोलता येत नाही.

गाडी गार झाल्यावर ऑइलची काडी ओढली, पुसली, परत घालून पाहिली. खालच्या खुणेच्याही खाली. जे काही लागलं होतं ते डांबरासारखं काळं. लातूरच्या दवाखान्यानं पाणीटंचाईपायी डायलिसिसच्या पाळ्या कमी केल्या तेव्हापासून सोमवार-गुरुवार उदगीर-नांदेड, उदगीर-नांदेड. नुसती पळतेय बिचारी. तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. मीसुद्धा.

सोमवारी परत जायचं आहे.

११ मार्च, शुक्र.

ऑफिसातून लवकर निघाले. कोपऱ्यावरचं गॅरेज बंद. गाड्या धुवायला बंदी आली आणि त्याचं सगळं धुलाईवरच चालायचं. पुण्याला गेला म्हणे, बायकोलेकरांसकट.

बिदर रोडच्या गॅरेजात गेले. मालक म्हणाले, "ठेवून जा मॅडम. कारागीर एकच उरलाय. चार-पाच दिवस लागतील." सोमवारचं सांगितलं. "मग मंगळवारी आणा." मंगळवारी ठेवली तर गुरुवारी कशी मिळेल? त्यांनी खांदे उडवले. त्यांचं तरी काय चुकलं. अंगणात गाड्यांची रांग होती.

ऑफिसात आज कामापेक्षा नकाशाच जास्त. तहसीलचे सगळे कारकून टेबलावर वाकलेले. उदगीर जिल्हा झाला तर कोणता तालुका इकडं, कोणता लातूरकडं. मला म्हणाले, "जिल्ह्याचं रुग्णालय येईल मॅडम, मग सरांचं डायलिसिस इथंच." हो म्हटलं. कधी, ते कुणी बोललं नाही.

घरी येऊन मोबाइलवर ऑइल बदलायचे व्हिडिओ पाहत बसले. एकात सोपं वाटतं, दुसऱ्यात भीती वाटते. सर मागून येऊन उभे.

"तू करणार हे?"

"हाव."

"गाडीखाली जाणार?"

"मग दुसरं कोण जाणार?"

हे बोलायला नको होतं. त्यांच्या डाव्या हातात फिस्टुला, डायलिसिसच्या सुयांसाठी केलेला. भरली बादली उचलायची बंदी. ते आत गेले.

१२ मार्च, शनि. (सुट्टी)

बोट सुजलंय, अक्षर वाईट.

शेजारचे शिवलिंगअप्पा सकाळीच हजर. आडत दुकानाच्या जीपचं सगळं तेच बघतात. तोंड मागं-पुढं होणारा एक मोठा पाना आणला होता. "ह्यो एकच ठेवा ताई, समद्या नटाला चालतो." ऑइल धरायला घमेलं दिलं. जॅकनं गाडी उचलली आणि खाली घालायला बांधकामाचे दोन चिरे.

"अप्पा, दगड फुटला तर?"

"काय न्हाई हुत. आमी जिंदगीभर असंच केलं."

पाठीवर सरकत आत गेले. पोटावर गाडी, नाकाशी चिखल आणि तेलाचा वास. ऑइल खाली सोडायचा बोल्ट सापडला. पाना लावला, जोर केला. निसटला. परत लावला, परत निसटला. तिसऱ्यांदा बोट आपटलं आणि बोल्टाचे कोपरे चकचकीत झालेले दिसले. घासले गेले होते. त्यातच उजवीकडचा दगड करकरला. फुटला नाही. नुसता करकरला.

बाहेर कशी आले आठवत नाही. कोपर सोललंय.

सर दारात उभे होते. चेहरा पांढरा. "बस झालं," म्हणाले. "उद्या तुला काही झालं तर मला कोण नेणार, हे तरी बघ." बोलले आणि स्वतःच खाली पाहिलं. त्यांना म्हणायचं होतं ते हे नव्हतं, मला कळलं.

ऑइल जुनंच आहे. वरून नवीन थोडं ओतलं, खूण गाठली.

१४ मार्च, सोम., नांदेड

दिवा दोनदाच लागला. दोन्ही वेळा वेग धरला, गेला.

सरांना मशीनला लावलं आणि बाजारात गेले. एरवी ते चार तास बाकावर बसून जातात. जुन्या मोंढ्याकडं अवजारांची दुकानं आहेत. एका दुकानात म्हातारे सरदारजी. मी तिथं एकटीच बाई. आधी त्यांना वाटलं मी नवऱ्यासाठी काही न्यायला आलेय. गाडी सांगितली, काम सांगितलं.

"सतरा नंबर," म्हणाले, आणि समोर तीन प्रकार ठेवले. उघड्या तोंडाचा पाना, गोल तोंडाचा रिंग पाना आणि लांब दांड्याला बसवायची गोटी. गोटी म्हणजे वाटीसारखी, बोल्ट पूर्ण आत घेते. "बारा कोन्याची न्या. सगळे हीच नेतात, लवकर बसते."

"बोल्टाचे कोपरे गेलेत."

"किसने किया?"

"मी."

हसले. वाईट नाही हसले. "फिर छे कोने वाली. ही बाजूनं धरते, कोपऱ्यावर नाही."

दोन्ही गोट्या बोट घालून पाहिल्या. आत बोट फिरवलं की फरक कळतो. सहा कोन्यांचीच घेतली, लांब दांड्यासकट. आखूड दांडा हाताला बरा वाटत होता, पण माझ्यात जोर कुठं आहे. लांबच बरा.

मग फिल्टर काढायचं अवजार. पट्ट्याचं एक, साखळीचं एक, टोपीसारखं एक. टोपी मापाचीच लागते आणि जुना फिल्टर गाडीत. काय करावं कळेना. मग सुचलं, नवा फिल्टर तर घ्यायचाच आहे. तो मागितला आणि त्यावर टोप्या बसवून पाहिल्या. तिसरी घट्ट बसली. सरदारजी नुसते बघत होते.

बोल्टाचा वॉशर घेतला. नवा बोल्टपण घेतला, जुन्याचा भरवसा नाही.

शेवटी दगड. म्हणजे दगडाऐवजी. लोखंडी तिपाई असते, दाते असलेली, उंची कमी-जास्त होते. घोडी म्हणतात. एकच पुरेल का विचारलं. म्हणाले, "मॅडम, नीचे आप जाओगे ना? मग दोन." दोन घेतल्या. जड. रिक्षात घालून दवाखान्यात आणल्या, वॉचमननं पिशवी उघडायला लावली. पाहून आत सोडलं.

सरांना सांगितलं नाही. डिकीत ठेवलंय सगळं.

१५ मार्च, मंगळ.

टँकर आला. पाइपावरून दोघींचं भांडण, घागर फेकली एकीनं. सर खिडकीत उभे राहून बघत होते.

"मी सिस्टरला विचारलं काल. माझ्या एका बसण्याला पाणी किती लागतं."

"कशाला विचारलं?"

"ह्या दोघी आठ दिवस भांडणार नाहीत, इतकं."

मी भाजी चिरत होते. हात थांबले. म्हटलं, ते पाणी इथं येणार आहे का? तुम्ही बसला नाहीत तर टँकर जास्त येईल का?

"मला माहीत आहे गं. इतिहास शिकवतो मी, अडाणी नाही." मग पाइपाकडं बघत, "मला स्वतःला प्यायला दिवसाला दोन पेले. आणि मशीन..."

खिडकी लोटून घेतली.

१६ मार्च

ऑफिसातून आणखी रजा मिळत नाही. रविवारी करीन. उद्या नांदेड जुन्याच ऑइलवर, वरून भर टाकून.

उद्याच बंद आहे. जिल्ह्यासाठी. रास्ता रोको पण.

१७ मार्च, गुरुवार

गेलो नाही.

सकाळी मी तयार, पिशवी गाडीत. सर बनियनवर खुर्चीत.

"रस्ते बंद आहेत."

मी अप्पांकडं गेले. ते बंदवाल्यांच्या पुढंच, गळ्यात उपरणं. म्हणाले, "दवाखान्याची गाडी कोन अडवंल? मी सोता तुमच्या म्होरं बसतो, जळकोटापातुर सोडून येतो." घरी येऊन सांगितलं.

"गाडी ठीक नाही. रस्त्यात बंद पडली तर? आज कुणी मदतीला पण मिळायचं नाही. गाडी होईपर्यंत राहू दे."

"वरून ऑइल टाकलंय. सोमवारी गेलोच ना?"

"राहू दे म्हटलं ना."

अप्पा दारात येऊन थांबले होते. त्यांनी ऐकलं. सरांना म्हणाले, "सर, जिल्हा झाला की हितंच मशीन येतंय, तवा तुमी पायजेत का न्हाई?" सर नुसते हसले.

माझ्या आत्ता लक्षात येतंय. त्यांना गाडीची फिकीर नाही. गाडी त्यांना निमित्ताला सापडली आहे. बंद सापडला आहे. उद्या आणखी काही सापडेल.

मला राग आला पाहिजे. येत नाही. 

१८ मार्च

पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा राहतो. जेवले नाहीत. म्हणतात उन्हानं.

नांदेडला फोन लावला. सोमवारीच या, नाहीतर त्रास वाढला तर जवळ कुठंही न्या.

दुपारी ऑफिसातून अर्ध्यातून आले. उशीला टेकून बसलेले. आडवं झालं की दम लागतो.

१९ मार्च, शनि., लातूर

पहाटेपासून श्वास. बोलताना मध्ये थांबतात. मी गाडीची किल्ली घेतली आणि मग हिंमतच झाली नाही. रस्त्यात तो लाल दिवा लागला असता आणि शेजारी हे असे... अप्पांना हाक मारली. लुंगीवरच आले. जीप त्यांनीच चालवली, लातूरपर्यंत हात हॉर्नवर. 

डॉक्टरांनी पाहिलं आणि मलाच विचारलं, "गुरुवार का चुकवला?" काय सांगू. गाडी म्हटलं. सरांनी मास्कमधून माझ्याकडं पाहिलं.

पाणी कमी, मशीन एकच चालू. त्यावर किल्लारीकडचे एक आजोबा बसणार होते, बाही वर करून सुया टोचून घ्यायला तयार. सिस्टरनं त्यांना उठवलं. उठले बिनतक्रार. सरांना म्हणाले, "गुर्जी, तुमी आदी बसा. मला दम न्हाई लागला आजून." गुरुजी कसं ओळखलं कोण जाणे.

संध्याकाळपर्यंत ते बाहेर थांबले. सुनेनं डब्यातली भाकरी मलाही दिली. सरांचं झाल्यावर सर त्यांच्यापाशी थांबले.

"तुमचा दिवस गेला माझ्यापायी."

"गेला तर गेला. सोयाबीन गेलं, हिरीचं पानी गेलं. पर मी आपला वार सोडत न्हाई बगा. नातीचं लगीन काडलंय." मग थोडं थांबून, "तुमी का सोडला?"

 सर वर्गातल्या पोरासारखे उभे होते, त्या सत्तरीच्या माणसापुढं.

परत येताना जीपमध्ये सरांनी माझा हात धरला.  अप्पा आरशातून पाहत होते, मग त्यांनी आरसा फिरवला.

२० मार्च, रविवार

झालं.

नीट लिहिते.

नऊ वाजता ऊन चढायच्या आत सुरुवात केली. डिकीतून सगळं काढून पोत्यावर मांडलं. सर बाहेर आले, पाहिलं. "हे कधी आणलं?" सोमवारी म्हटलं. गोटी हातात घेऊन फिरवली, घोडी उचलून पाहायला गेले तर मी ओरडले. डावा हात! खुर्ची आणून बसले.

अप्पा चिरे घेऊन आले होते. घोड्या पाहून म्हणाले, "एवढं कशाला?" म्हटलं अप्पा, तुमचे दगड मागच्या चाकाला लावू या, गाडी सरकायला नको. खूश झाले. दगड चाकामागं लावले, जॅकनं उचलली, दोन्ही घोड्या बसवल्या. मग मी गाडीला ढकलून पाहिलं, बाजूनं, पुढून, सगळ्या ताकदीनं. हलली नाही. तरी आत जायला वेळ लागला. साडीऐवजी सरांची जुनी पँट घातली होती, अप्पा दुसरीकडं बघत होते.

गोटी बसली. पूर्ण बसली, खेळली नाही. जोर लावला. काही नाही. दोन्ही हातांनी. काही नाही. घाम डोळ्यांत.

सर खाली वाकले, टॉर्च धरून. "तू कोणीकडं फिरवून राहिलीस?"

"उघडायच्या बाजूला."

"थांब." आत गेले, पाण्याची बाटली घेऊन आले. जमिनीवर गुडघे टेकले आणि बाटली उलटी धरून माझ्या डोळ्यासमोर आणली. "झाकण खाली आहे. आता उघड."

मी झाकण धरलं आणि हात आपोआप दुसरीकडं वळला.

म्हणजे त्या शनिवारी मी बोल्ट उघडतच नव्हते. आवळत होते. जीव खाऊन आवळत होते.

 मग सर हसायला लागले. दम लागेपर्यंत. मला गाडीखाली रडू यायला लागलं आणि हसूपण. अप्पा विचारताहेत, काय झालं, काय झालं.

दुसरीकडं जोर केला तरी बोल्ट हलेना, माझीच करणी. शेवटी दांड्याला टाच लावली आणि लाथ मारली. कट्ट असा आवाज आला. मला वाटलं दांडा तुटला. बोल्ट सुटला होता. मग बोटांनी फिरवला आणि गरम काळं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत. थोडी गाडी चालवून घ्या म्हणजे ऑइल पातळ होतं असं व्हिडिओत होतं, म्हणून सकाळी एक फेरी मारली होती. इतकं गरम असतं ते व्हिडिओत नव्हतं. घमेलं वेळेवर सरकवलं सरांनी. उजव्या हातानं.

फिल्टर टोपीनं एका झटक्यात निघाला. नव्याच्या रबराला ऑइल लावलं, हातानंच आवळला. नवा बोल्ट, नवा वॉशर. किती आवळायचा? हा सगळ्यात वाईट भाग. कमी झाला तर रस्त्यात सगळं सांडेल, जास्त झाला तर आटे जातील. हाताला लागेपर्यंत, आणि वर थोडं. ते थोडं म्हणजे किती, ते कोणताही व्हिडिओ सांगत नाही.

ऑइल ओतलं, काडी पाहिली, मधाच्या रंगाची. गाडी सुरू केली. लाल दिवा लागला, क्षणभर राहिला, गेला. रेस कमी केली. नाही आला.

जुनं ऑइल अप्पांनी डब्यात भरून नेलं, दाराच्या वाळवीला लावणार. खाली पुठ्ठा टाकून ठेवलाय, थेंब पडतो का पाहायला.

दुपारी पाण्याच्या दोन तांब्यांत हात धुतले. निघाले नाहीत. मग पीठ चोळलं. तरी नखं काळी आहेत. उद्या ऑफिसात...

उद्या ऑफिस नाही. उद्या सोमवार.

सरांना विचारलं नाही, उद्या येणार का म्हणून. धीर झाला नाही.

२१ मार्च, सोम., नांदेड

पुठ्ठ्यावर एक डाग होता, रुपयाएवढा. बोल्टावरून आला की वर सांडलेलं ओघळून आलं? बोट लावलं, पुसलं, परत पाहिलं. ठरेना. घरात आले तर सर शर्ट घालून, बटणं लावून, चपला घालून बसलेले. डब्याची पिशवी मांडीवर.

"काय?"

"काही नाही. थोडंसं ओघळलंय."

"मग जाऊन बघू कुठपर्यंत जाते ते."

पूर्ण रस्ता काट्याकडं आणि दिव्याकडं बघत. दोनदा थांबून खाली वाकले. दोन्ही बाजूंना शेतं भाजल्यासारखी, एका ठिकाणी चारा छावणीचा बोर्ड. सर बोलत होते. शाळेतल्या कुठल्या मुलाबद्दल, परीक्षेत पानभर नकाशाच काढून आला होता त्याबद्दल. कित्येक दिवसांनी इतकं बोलले. मी अर्धं ऐकलं. इंजिनचा आवाज ऐकत होते.

पोचलो. गाडी लावून पंधरा मिनिटांनी परत खाली पाहिलं. कोरडं. कोरडंच आहे. बाहेर फरशीवर बसले.

मग डॉक्टरांनी बोलावलं. शनिवारचे कागद पाहिले, वजन पाहिलं. म्हणाले, दोन वेळा पुरत नाही आता. यापुढं आठवड्याला तीन. सोम, बुध, शनि. लगेच ठरवायला पाहिजे, बुधवारची जागा एकच आहे.

सर मशीनवर होते. त्यांच्यासमोरच बोलले डॉक्टर. सरांनी ऐकलं, डोळे मिटले. 

तीनदा. रजा कुठून आणू. रस्ता. आणि ते पाणी, त्यांच्या डोक्यातलं ते पाणी, तेही तीनदा.

आत्ता सिस्टर बाहेर आली. "मॅडम, बुधवार लिहू का? दुसरे पेशंट विचारून राहिलेत."

माझ्या तोंडावर आलंच होतं, लिहा. त्यांच्या वतीनं मीच सगळं ठरवत आले इतके दिवस.

म्हटलं, "त्यांना विचारा. झोपलेले नाहीत, नुसते डोळे मिटलेत."

ती आत गेली आहे. दार लोटलंय. मी बाकावर बसून हे लिहितेय.